चर्चा: आफ्रिकेतल्या माली देशाच्या कापूसवाल्याशी आपलं काय देणंघेणं?

धुऱ्यावरचा (ता. राळेगाव)

परवा खेडा खरेदीवाला दारात आला. पिकअपमध्ये काटा, हातात मोबाईल. गंजीत हात घातला, मूठभर कापूस दाबला, सोडला, "ओल आहे दादा" म्हणाला आणि 6,800 वर अडून बसला. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 होता. पण सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर आधी कपास किसान ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, मग ओलावा 12 टक्क्यांच्या आत. कृषी केंद्रवाल्याची उधारी काही स्लॉटची वाट पाहत नाही.

"भाव काहून पडला?" विचारलं तर हसला. "बाहेरून गाठी येऊन राहिल्या न." न्यूयॉर्कच्या वायद्याचा आकडा त्याच्या मोबाईलवर होता, माझ्या नाही.

बोलला ते खोटं नव्हतं. 2021 पासून आयात कापसावर 11 टक्के शुल्क होतं. ते 19 ऑगस्ट 2025 ला उठवलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग थेट 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी संपत येईतो दार सताड उघडं. त्याच ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला. तिरुपूरहून निर्यात होणाऱ्या कपड्याला लागलेल्या त्या फटक्याची भरपाई आमच्या पऱ्हाटीतून चालली आहे, असं मला वाटतं.

आता दुसरं टोक. माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड हे आफ्रिकेतले चार देश 2003 पासून जागतिक व्यापार संघटनेत एकच गाऱ्हाणं मांडतात, की अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना इतकं अनुदान देते की जगाचा भाव पडतो. ऑक्सफॅमने 2002 साली मोजलं तेव्हा अमेरिकेतल्या 25 हजार कापूस उत्पादकांना 3.9 अब्ज डॉलर मिळत होते. ब्राझीलने याच मुद्द्यावर अमेरिकेला खटल्यात हरवलं. पुढे? 2010 पासून वर्षाला 14.73 कोटी डॉलर घ्यायचं ठरवून ब्राझील थंड झाला आणि 2014 मध्ये एकरकमी 30 कोटी डॉलर घेऊन प्रकरणच मिटवलं. मालीच्या हाती धुपाटणं.

सरकारांची एकजूट अशी विकली जाते. म्हणून म्हणतो, गावाची गावाशी हवी. तिकडचा कोरडवाहू कापूसवाला आणि इकडचा, नवउदारवादाच्या, म्हणजे सगळं खुल्या बाजारावर सोडायच्या धोरणाच्या, एकाच भावाखाली दबलो आणि आजवर एकमेकांना एक चिठ्ठी नाही. ती लिहू, शुल्क परत लावून आयात बंद करा ही मागणीही तीत घालू. बोला.

लाल बिल्ला (ता. केळापूर)

भाऊ, दुखणं खरं, निदान चुकलं. "नवउदारवाद" हा शब्द शहरातून येतो. आमच्या शिवारात उदारवाद आलाच कधी?

एकाधिकार कापूस खरेदी 1972 ला आली. कापूस सरकारलाच द्यायचा, राज्याबाहेर न्यायची मनाई, चुकारे येतील तेव्हा येतील. मी शाळेत होतो. बापाने बैलांच्या गळ्यातल्या घाट्या काढून ठेवल्या, कण्याला वंगण भरलं आणि अर्ध्या रात्री बंडी पैनगंगेत घातली. मी कापसावर उताणा, खोकायचीसुद्धा मनाई. मधल्या धारेत चाक रुतलं तेव्हा बाप पाण्यात उतरला आणि बैलांच्या कानात काहीतरी बोलत राहिला, ओरडायची सोय नव्हती. पलीकडे आदिलाबादचा व्यापारी. त्याने रोख मोजले. स्वतःचा कापूस चोरासारखा नेला, तो काय बाजाराने छळलं म्हणून?

पुढचंही ऐका. 2010 ला भाव वर चालला की निर्यात थांबवली, मार्च 2012 ला पुन्हा बंदी. बियाणं निवडायचं म्हटलं तर त्यालाही मनाई, म्हणून 2019 च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला जाहीर एचटीबीटी, म्हणजे तणनाशक झेलणारं बिनपरवानगीचं बीटी कापसाचं बियाणं, पेरलं. आमच्या शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याआधीच डंकेल प्रस्तावाला, म्हणजे खुल्या जागतिक व्यापाराच्या मसुद्याला, पाठिंबा दिला तो एकाधिकाराच्या अनुभवावर. "भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणत आम्ही जेलात गेलो.

तुमची जागतिक एकजूटही पाहिली आहे. 1999 ला कर्नाटकचे शेतकरी नेते नंजुंडस्वामी यांच्या पुढाकाराने चारशेवर शेतकरी युरोपभर बसगाड्यांतून फिरून आले. मोठी हिंमत, नाही म्हणत नाही. पण परत आल्यावर कर्नाटकातल्या कोणत्या मंडीत आडत्याचा काटा सुधारला?

बंडीचा बैल (ता. दर्यापूर)

आमच्या गावात दोन सख्ख्या भावाचं धुऱ्यावरून कोर्टात चालू हाय वीस वर्सापासून. आन तुमी मालीले चालले. जा बाप्पा, येतानी खजूर आनजा.

जिनमधला (हिंगणघाट)

मी जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. एकजुटीच्या आड काय येतं ते व्यवहारातून सांगतो.

धुऱ्यावरचे दादा आयात शुल्क परत मागतात. पश्चिम आफ्रिकेतूनही रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, भारतात येते. मालीवाला विचारेल, भाऊ म्हणता आणि माझी गाठ अडवता? तो म्हणतो अनुदान बंद करा, तुम्ही म्हणता हमीभाव द्या. नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेतच उलट भारतावरच बोट ठेवलं होतं, की कापसाचा हमीभाव म्हणजे मर्यादेबाहेरचं अनुदान आहे. म्हणजे आफ्रिकेच्या पाठीमागे उभं राहून जी काठी उगाराल ती फिरून आपल्याच पाठीत.

आणि ब्राझील. तुमच्या गोष्टीतला तो जिंकलेला गरीब नाही, माटो ग्रोसोत हजारो हेक्टरची शेतं आहेत, वेचणी यंत्राने. त्यांची गाठ एकसारखी येते. आपल्या गाठीत पत्ती, कवडी म्हणजे किडका पिवळा कापूस, कधी सुतळी, कधी बाईच्या केसाची पिन. गिरणीवाला कोणती घेईल?

हा धंदा आज जगाला जोडला गेला असंही नाही. अमेरिकेत 1861 ला यादवी पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, ती संपली आणि भाव कोसळला. खामगाव, अमरावतीला रेल्वे आली ती इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या कापूस बाजारासाठी. तेव्हा कुठे "नव" होतं?

सेवाग्रामची

जिनमधले काका, "दोघांचं हित वेगळं" हे मान्य. पण म्हणूनच बोलायला हवं ना? ज्यांचं सगळं जुळतं त्यांना एकजुटीची गरजच नसते.

बुर्किना फासोचं उदाहरण देते. त्यांनी 2008 ला बीटी कापूस घेतला, आपण 2002 ला. 2016 पर्यंत तो सोडून दिला, कारण धागा आखूड निघायला लागला आणि चांगल्या प्रतीचा जो वरचढ भाव मिळायचा तो गेला. आपल्याकडे यावर गावपातळीवर चर्चा झालेली मी ऐकली नाही.

आणि मालीचं तर इथे प्रत्येकाला माहीत असायला हवं. 2020 मध्ये तिथे भाव पाडला, खताचं अनुदान काढलं. बऱ्याच शेतकऱ्यांनी कापूस पेरलाच नाही. उत्पादन सात लाख टनांच्या आसपास होतं ते दीड लाखाच्या घरात आलं. पुढच्या हंगामात सरकारने भाव वाढवला आणि खताचं अनुदान परत आणलं. आपण पुणतांब्याचा 2017 चा संप डोक्यावर घेतला, रास्तच होतं. पण पेरणीवरचा हा संप कसा ठरला, कोणी कोणाला कसं सांगितलं, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. ला व्हिया कांपेसिना या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेने 2007 मध्ये याच मालीत, सेलिंगेला, जगभरचे शेतकरी, मच्छीमार, गुराखी जमवले होते. मेळाव्याला नाव दिलं न्येलेनी, तिथल्या एका दंतकथेतल्या शेतकरी बाईचं.

लाल बिल्ला (ता. केळापूर)

पोरी, अर्धी गोष्ट सांगितलीस. बुर्किनातल्या पुष्कळ शेतकऱ्यांना बीटी हवंच होतं, फवारे कमी लागत होते. सोडलं ते कापूस कंपन्यांनी. तिकडे बी-खत उधार देणारी, कापूस घेणारी आणि रुई विकणारी कंपनी एकच असते, म्हणून आखूड धाग्याचा तोटा तिच्या खिशाला लागला. इकडे आम्ही सरकीसकट कापूस वजनावर विकतो, धाग्याचं कोण विचारतो? शेतकऱ्याची निवड पुन्हा वरच्यानेच केली. आमची एकाधिकार आणि त्यांची कंपनी, मावसबहिणीच.

पेरणीचा संप मात्र मानला. ते सरकारी भावाविरुद्ध होतं हेही लिहून ठेवा.

ओटीभर (ता. मारेगाव)

समदे भाऊ बोलले, आता मी बोलतो. दहावी शिकलो, वेचाले जातो.

सकाळी आठले वावरात. ओटी बांधली का पाचले सोडाची. बोंडाच्या वाळल्या नख्या बोटात घुसते, रात्री भाकर थापतानी झोंबते. दिसभर तीस किलो झाला त लय झाला. औंदा किलोमागं दहा रुपये. काटा मालकाचा, धरनारा मालक, वाचनारा मालक. धुऱ्यावरचे भाऊ म्हनते का खेडावाल्यानं मूठ दाबून ओल काढली. तुमच्या घरची मालकीनबी आमच्या गाठोड्यात असाच हात घालते न. कवडी हाय, पत्ती हाय, अर्धा किलो कमी धर.

तुमी बाजारवाले असा का संघटनावाले, भाव पडला का पयले वेचाईचा दर पाडता. मालीतल्या बायकाइले किती भेटते थे कोनी इचारलं काय? थे इचारा, मंग म्या बी चिठ्ठीवर सही करतो.

धुऱ्यावरचा (ता. राळेगाव)

ताई, माझ्या वावरातही दहाच दिले. काटा माझाच होता. मालकीण म्हणजे आमची आई, तीही हात घालते. सांगायला लाज वाटली, पण आहे ते आहे.

जिनमधल्यांना उत्तर. शुल्क आणि अनुदान यावर माली आणि आपण एका ओळीत बसत नाही, हे मी धरलंच नव्हतं, ते तुम्ही दाखवलंत. चिठ्ठीतून "आयात बंद करा" ही मागणी काढतो. ती आपल्या सरकारकडे करायची, त्यांच्याकडे नाही.

पण लाल बिल्लावाले काका, बाहेरच्या साथीने काही होत नाही, हे नाही पटत. 2017 मध्ये कीटकनाशकाच्या फवारणीत आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं दगावली. आमच्या बाजूच्या गावातला एक जण दोन दिवस आंधळा होऊन सरकारी दवाखान्यात होता. तेव्हा इकडे सगळे म्हणाले, शेतकऱ्यानेच मास्क घातला नाही. 2020 मध्ये 51 जणांच्या वतीने तक्रार थेट स्वित्झर्लंडला गेली आणि 2021 मध्ये दोन विधवा बाया आणि एक वाचलेला शेतकरी यांचा दावा बाझेलच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला. फवारणीचं औषध बनवणाऱ्या बड्या कंपनीच्या दारात यवतमाळची बाई फिर्यादी म्हणून उभी. तिकडच्या लोकांनी साथ दिली नसती तर त्या कोर्टाचं नावसुद्धा आपल्याला कळलं नसतं.

लाल बिल्ला (ता. केळापूर)

ते वकील आणि संस्थांचं काम, शेतकऱ्याने शेतकऱ्याशी जोडलेलं नाही. चांगलं आहे, पण त्याला एकजूट म्हणू नका, मदत म्हणा. उद्या त्या संस्थेचा निधी आटला की दावाही आटतो.

तरी चिठ्ठी लिहीत असाल तर माझे दोन प्रश्न घाला. कापूस दिल्यावर पैसा किती दिवसांनी मिळतो? आणि हद्दीपलीकडे जास्त भाव असला तर रात्री नेतात की नाही? दुसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे, तरी विचारा.

बंडीचा बैल (ता. दर्यापूर)

काका, बंडी काढा. पैनगंगा नाही, आता समुद्र हाय.

जिनमधला (हिंगणघाट)

माझ्याकडून रुईचा उतारा घाला. आमच्याकडे क्विंटल कापसातून 33-34 किलो रुई, बाकी सरकी आणि थोडी घट. त्यांची किती निघते ते कळलं तर खेडावाल्याशी बोलायला तुम्हालाही एक आकडा मिळेल. एकजुटीवर माझा अजून विश्वास नाही, उताऱ्यावर आहे.

सेवाग्रामची

फ्रेंचचं मी पाहते, कॉलेजात शिकले आहे. पण "ओलावा" आणि "कवडी" यांना तिकडचे कापूसवाले काय म्हणतात ते शब्दकोशात सापडणार नाही. कवडीचं वर्णनच करावं लागेल, अळीने डागाळलेला पिवळा कापूस म्हणून.

धुऱ्यावरचा (ता. राळेगाव)

सध्या चिठ्ठीत इतकं आहे: विकलेला भाव, जाहीर भाव, पैसे किती दिवसांनी, रुईचा उतारा, वेचाईचा किलोचा दर आणि काटा कोणाच्या हातात असतो. शेवटचे दोन ताईंमुळे आले. आपले आकडे आपण आधी लिहायचे, मग त्यांचे मागायचे.

ओटीभर (ता. मारेगाव)

धाडाच्या आंधी आमच्या बायकाइले मराठीत वाचून दाखवा. उद्या वेचा आटपला का चारले मारुतीच्या पारावर बसतो आमी. येतानी तुमचा काटा बी आना, पाच किलोचं माप आमी आनतो.