गाठीत एमएलएच-१ बंद, मग मुलांचं रक्त आधी कशाला?

गिरगावकर:
आईच्या (वय ७१) मोठ्या आतड्यातली उजव्या बाजूची कर्करोगाची गाठ काढली. रिपोर्टात 'एमएलएच-१ प्रथिन दिसत नाही' (डीएनएच्या चुका दुरुस्त करणारं प्रथिन; त्याच नावाचं जनुक ते बनवतं). लगेच आम्हा तिघा भावंडांना सांगितलं, रक्ताची जनुक तपासणी करा, लिंच सिंड्रोम, म्हणजे वारशाने येणारा आतड्याच्या कर्करोगाचा धोका, असू शकतो. आईला तो असता तर प्रत्येकात उतरण्याची शक्यता निम्मी. धाकटीची दोन महिने झोप उडाली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी गाठीच्याच ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) मिथिलेशन आणि बीआरएएफ हे दुसरं जनुक तपासून घेतलं. जनुक तुटलेलं नव्हतंच! त्याच्या तोंडाशी मिथाइलचे गट चिकटून ते बंद पडलं होतं. वारशाचा शब्द काढण्याआधी ही तपासणी सक्तीची करा.

परळची वाट:
दादा, एकाहत्तरीला हे ठीक. ह्यांना आतड्याचा कर्करोग ३८व्या वर्षी झाला. त्या वयात आधी रक्तच द्यावं. शिवाय वारशाने एमएलएच-१ची एक प्रत बिघडलेली असली, तर उरलेली प्रत गाठीत मिथिलेशननेही बंद पडू शकते. क्वचित हे मिथिलेशन रक्तातही सापडतं. 'मिथिलेशन निघालं, सुटलो' म्हणून घरी गेलेल्या माणसाच्या भावंडांची कोलोनोस्कोपी राहून जाईल, त्याचं काय?

गिरगावकर:
ताई, वयाचं मान्य. पण बीआरएएफचा व्ही६००ई बदल निघाला तर लिंच जवळजवळ बादच होतो. आईचा निघाला. आणि रक्तच हवं होतं तर पहिलं आईचं घ्यायचं, आमचं नव्हे!

ठाणे स्लो:
जनुक नुसतं झोपलंय तर जागं करा की. हळदीच्या काढ्याने होतं म्हणतात.

स्लाइडवाली:
काढ्याच्या भरवशावर उपचार लांबवू नका, हात जोडून सांगते. मिथाइल उतरवणारं औषध आहे. अझासायटिडीनला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली, पण मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसाठी, म्हणजे रक्ताच्या आजारात. ते एक जनुक निवडून उघडत नाही, आणि आतड्याच्या गाठींवर त्याचा म्हणावा तसा उपयोग झालेला नाही. उलट एमएलएच-१ बंद असल्याचा फायदा वेगळाच आहे. डीएनएच्या चुका दुरुस्त होत नाहीत, त्या साचतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीला गाठ परकी वाटते. म्हणून पसरलेल्या आजारात पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध पहिल्या फळीत दिलं जातं, २०२०पासून. जनुक वारशाने बिघडलं की मिथिलेशनने, याने त्यात फरक पडत नाही.

परळची वाट:
रुग्णाला पडत नसेल, दिराला पडतो. ह्यांचं रक्त आम्ही आधीच दिलं आणि दिराची कोलोनोस्कोपी वेळेत झाली. पन्नाशीच्या आत ब्लॉकसाठी थांबू नका, मी हेच सांगणार.