मदत हवी आहे: भाचीच्या शाळेतला हिंदू धर्माचा धडा

नमस्कार मंडळी. भाची इंग्लंडमध्ये आठवीत आहे. वर्गात हिंदू धर्म शिकवला तो असा: सती, अस्पृश्यता, गाय, मग इंग्रज आले आणि सुधारणा झाल्या. संपला धडा! आता मुलं तिला "तुम्ही विधवांना जाळता ना?" म्हणून चिडवतात.

तिच्या शिक्षिकेला पत्र लिहायचंय. जातिभेद झाकायचा नाही, तो खोटेपणा होईल. पण १८२९ च्या सतीबंदीचं सगळं श्रेय गव्हर्नर-जनरल बेंटिंकला, आणि १८१८ पासून सतीविरुद्ध लिहिणारे राममोहन रॉय कुठेच नाहीत? फुले दांपत्याची पुण्यातली १८४८ ची मुलींची शाळाही गायब. चष्मा जुनाच आहे म्हणा. ब्रिटिश लेखक जेम्स मिलने १८१७ मध्ये भारताचा जाडजूड इतिहास लिहिला, तोही इथे पाऊल न ठेवता, आणि ईस्ट इंडिया कंपनीचे होतकरू अधिकारी तोच वाचून इकडे यायचे.

असं पत्र कुणी लिहिलंय का? सूर कसा ठेवलात? आधी शिक्षिकेला गाठावं की थेट मुख्याध्यापकांना? तिच्या वयाला पेलतील अशी इंग्रजी पुस्तकंही सुचवा. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड मात्र नकोत, इंग्रज अधिकारी मेकॉलेच्या नावावरचं ते "भारतात एकही भिकारी दिसला नाही" छापाचं बनावट भाषण तर नकोच नको.