तस्करीतून सुटलेल्या मुलांसाठीचा निधी: नवी इमारत बांधायची की माणसांवर खर्च करायचा?

कासारीकाठ
आपल्या कोल्हापुरात जिल्हा नियोजनातून महिला व बालविकासासाठी निधी निघतो, तेव्हा पहिली मागणी इमारतीची येते. माझं मत आहे, तस्करीतून सोडवलेल्या मुलांसाठीचा पैसा पुढची दोन वर्षं विटांवर नको, माणसांवर आणि प्रवासावर जावा.

सोडवलेलं मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे येतं, बालगृहात पोचतं. गळती त्यानंतर सुरू होते. १५ दिवसांत मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा सामाजिक तपासणी अहवाल हवा असतो, पण मूल बीडचं किंवा कर्नाटकातलं असेल तर चौकशी नुसती कागदावर त्या जिल्ह्याकडे जाते. तिथं घराला कुलूप असतं, कारण कुटुंब हंगामासाठी बाहेर पडलेलं असतं. शेवटी ‘पालक आढळले नाहीत’ असा शेरा येतो आणि मूल अडकून पडतं. किंवा उलट, चौकशी न होताच ज्यांनी पाठवलं त्यांच्याच हाती परत जातं.

मूल गावी गेलं तरी खटला इथं कसबा बावड्यातल्या न्यायालयात चालतो. साक्षीच्या तारखेला मुलीला आणायचं कुणी? साक्षीदार भत्ता साक्ष झाल्यावर मिळतो, तिकीट मात्र आधी काढावं लागतं. तिच्यासोबत येणाऱ्या बाईचा मुक्काम आणि जेवण वेगळंच.

जुना राजवाडा
प्रवासाचं पटलं, इमारतीचं नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत बालगृह चालवणाऱ्या संस्थेला मुलामागे महिन्याला ३,००० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला १००. त्यात नाश्ता, दोन वेळचं जेवण, दूध, कपडे, साबण सगळं बसवायचं. अनुदान लांबलं की किराणा उधारीवर चालतो. अशा संस्थेत समुपदेशनासाठी वेगळी खोली कुठून येणार? मग अधीक्षकांच्या टेबलासमोर, लोकांची ये-जा चालू असताना, मुलीनं बोलावं अशी अपेक्षा धरली जाते. ती बोलत नाही आणि अहवालात ‘सहकार्य करत नाही’ असं लिहिलं जातं!

पहिले काही आठवडे खरूज, क्षय, गर्भधारणा यांच्या तपासण्या होतात. एचआयव्ही चाचणी तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. रात्री दचकून उठणाऱ्या मुलीला ४० जणींच्या हॉलमध्ये ठेवून हे जमत नाही. शिवाय ‘मामा’ म्हणवत कुणी फाटकाशी आला, तर त्याला मुलगी दिसणार नाही अशी रचना हवी. शाहू महाराजांच्या काळापासून या गावाला बोर्डिंगांची, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहांची परंपरा आहे. राहायची जागा पक्की झाली की बाकीचं पुढं जातं.

कासारीकाठ
बोर्डिंगं नुसत्या भिंतींवर चालली नाहीत, त्यांना नियमित मदतही मिळाली. समुपदेशनाची खोली आहे त्या बालगृहात पार्टिशन घालूनही होते. पूर्णवेळ समुपदेशक मात्र पार्टिशननं मिळत नाही.

पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा, त्याचे २०२० चे नियम वाचा. सपोर्ट पर्सन (खटल्यात मुलाला साथ देणारी व्यक्ती) आणि दुभाष्याचं मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी ठेवता येत नाही आणि ते शासनानं द्यायचं आहे. आपल्याकडे कानडी जाणणारी माणसं मिळतील, पण बंगाली किंवा नेपाळी बोलणाऱ्या मुलीचं काय? दुभाष्यांची यादी आधी तयार नसेल, तर जबाब कुणाच्या तरी मोडक्या हिंदीत होतो आणि उलटतपासणीत तोच फाटतो.

शिरोळ पट्टा
तुमच्या दोघांच्याही हिशोबात ऊसतोडीच्या फडातलं आणि वीटभट्टीवरचं मूल नाही. बाप मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतो, उचल फिटेना की पोराला कामाला लावतात किंवा दुसरीकडे पाठवतात. छापा पडला की गुन्हा फक्त बालकामगार कायद्याखाली लागतो. भारतीय न्याय संहितेचं मानवी तस्करीचं कलम १४३ आणि १९७६ चा वेठबिगार कायदा कुणी लावत नाही.

त्याचा परिणाम पैशावर होतो. वेठबिगार पुनर्वसन योजनेत मुलासाठी २ लाख आहेत, लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणात ३ लाख. तातडीची मदत ३०,००० पर्यंत मिळते आणि ती खटल्याच्या निकालासाठी अडवायची नसते. यासाठी प्रत्येक जिल्ह्यात १० लाखांचा कायम निधी ठेवायचा आहे. पण प्रशासनानं वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्तता प्रमाणपत्र दिलंच नाही, तर हे दार बंद. त्यामुळे मला इमारत आणि समुपदेशक यांच्याआधी छाप्याच्या दिवशी हजर राहणारा, कलमं जाणणारा एक माणूस हवा. उचलीची वही, हजेरीचे कागद, मुकादमाच्या फोनमधले व्यवहार त्याच दिवशी पंचनाम्यात आले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी वही गायब होते.

जुना राजवाडा
मान्य. पण मुलगी १८ वर्षांची झाली की बालगृहाचं दार बंद होतं, त्याचं काय? अनुरक्षणाचे, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराचे, महिन्याला ४,००० मिळतात. तेवढ्यात राजारामपुरीत खोलीभाडं देऊन ती आयटीआय कशी करणार? चार-पाच मुलींसाठी भाड्याचं घर आणि तिथं राहणारी एक जबाबदार बाई, एवढी तरी जागा द्या. त्याला इमारत म्हणू नका हवं तर.

कासारीकाठ
भाड्याच्या घराला माझा विरोध नाही, बांधकामाला आहे. आणि पोक्सोच्या नियम ८ खालची तातडीची मदत विसरू नका. कपडे, जेवण, प्रवास यांसाठी समितीनं शिफारस केली की आठवड्यात पैसे द्यायचे आहेत. शिफारसच लिहिली नाही, तर पैसा हलत नाही. मूल पहिल्यांदा समोर येईल त्याच बैठकीत ती लिहून घ्यावी.

शिरोळ पट्टा
त्या शिफारशीत बँक खात्याचंही लिहून घ्या. आधार नसतं, म्हणून खातं पालकाच्या नावावर काढलं जातं. उचल घेणारा तोच बाप असेल, तर मदतीची रक्कम सरळ मुकादमाच्या हिशोबात वळती होते.