स्नॅपशॉटला ‘क्षणप्रत’ म्हणावे का?

प्रश्न: झेडएफएसवर (डिस्का आणि फाइली सांभाळणारी फाइलप्रणाली) मोठ्या डेटाबेसचा बॅकअप कसा घ्यावा याचे टिपण मराठीत लिहितो आहे. स्नॅपशॉटसाठी, म्हणजे एका क्षणीची डेटाची स्थिती टिपून ठेवण्यासाठी, ‘क्षणप्रत’ योजले आहे. चालेल का?

उत्तर १: ‘क्षण’ चपखल आहे, ‘प्रत’ मात्र घात करेल. ५ टेराबाइटच्या डेटासेटचा (झेडएफएसमधल्या एका फाइलसाठ्याचा) स्नॅपशॉट झेडएफएस डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घेते, कारण नक्कल होतच नाही. बदललेला ब्लॉक (डिस्कवरचा डेटाचा तुकडा) नव्या जागी लिहिला जातो आणि स्नॅपशॉटने धरून ठेवलेला जुना ब्लॉक मोकळा होत नाही, एवढेच. म्हणून ताज्या स्नॅपशॉटचा ‘यूज्ड’ (व्यापलेली जागा) रकाना जवळपास शून्य असतो आणि डेटा बदलेल तसतसा फुगत जातो. ‘प्रत’ वाचणाऱ्याला वाटेल, दुसरी नक्कल हाताशी आहे. पूल (डेटासेट ज्यात राहतात तो डिस्कांचा साठा) गेला तर मूळ डेटा आणि स्नॅपशॉट दोन्ही जातात. ‘झेडएफएस सेंड’ या आज्ञेने दुसऱ्या यंत्रावर पोचते ती खरी प्रत, शब्द तिच्यासाठी राखून ठेवा.

उत्तर २: याच कारणाने ‘कॉपी ऑन राइट’ही (झेडएफएसच्या वरच्या पद्धतीचे रूढ नाव) जपून वापरा. एलव्हीएमच्या (लिनक्समधली डिस्कचे विभाग सांभाळणारी व्यवस्था) जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटमध्ये मूळ जागी लिहिण्याआधी जुना ब्लॉक खरोखरच राखीव जागेत उचलून ठेवतात. त्यामुळे लिहिणे मंदावते, आणि राखीव जागा भरली की स्नॅपशॉट निकामी होतो. नाव एक, कामाच्या तऱ्हा दोन.

प्रश्नकर्ता: आणि ‘कन्सिस्टंट’साठी ‘सुसंगत’?

उत्तर १: एकटा ‘सुसंगत’ पुरत नाही. चालू पोस्टग्रेस डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी वीज गेल्यासारखी अवस्था. सुरू होताना पोस्टग्रेस डब्ल्यूएएल (प्रत्येक बदल आधी नोंदवणारा लॉग) वाचून स्वतःला सावरतो, म्हणून ‘सावरण्याजोगा’ म्हणा. अट एकच: डेटा आणि डब्ल्यूएएल एकाच क्षणी टिपले पाहिजेत. वेगवेगळ्या डेटासेटवर असतील तर दोन्ही एका पूलमध्ये, एका पालक डेटासेटखाली ठेवा आणि पालकावर ‘झेडएफएस स्नॅपशॉट -आर’ (खालच्या सगळ्या डेटासेटसकट) एकदाच चालवा. दोन आज्ञांत डब्ल्यूएएल आधी आणि डेटा नंतर टिपला, तर डेटाफाइलींत असे बदल शिरतात ज्यांची लॉगमध्ये नोंदच नाही. पूल वेगळे असतील तर ‘पीजी_बॅकअप_स्टार्ट’ आणि ‘पीजी_बॅकअप_स्टॉप’ या बॅकअपच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या आज्ञा एकाच चालू सेशनमधून (डेटाबेसशी एकाच जोडणीतून) द्या (आवृत्ती १५ च्या आधी नावे ‘पीजी_स्टार्ट_बॅकअप’, ‘पीजी_स्टॉप_बॅकअप’ अशी होती). स्टॉपने परत दिलेला लेबलचा मजकूर आणि मधल्या काळाचे डब्ल्यूएएल जपून ठेवा.

उत्तर ३: मायएसक्यूएलमध्ये ‘लॉक’ला ‘कुलूप’ म्हणायला हरकत नाही, पण ते किती वेळ टिकते हे लिहाच. स्क्रिप्टच्या एका ओळीत ‘फ्लश टेबल्स विथ रीड लॉक’ (टेबलांत लिहिणे थांबवणारी आज्ञा) आणि पुढच्या ओळीत स्नॅपशॉट, असे सर्रास दिसते. पहिली ओळ संपताच क्लायंट बंद होतो आणि कुलूपही उघडते. सेशन उघडे असतानाच स्नॅपशॉट घ्यायचा, मग ‘अनलॉक टेबल्स’. निव्वळ इनोडीबी (वीज गेली तरी स्वतःला सावरणारा टेबलप्रकार) असेल आणि डेटा नि रीडू लॉग (त्याचा बदलांचा लॉग) एकाच क्षणी टिपले असतील, तर कुलपावाचूनही भागते. मायआयसॅम या दुसऱ्या प्रकारची टेबले असतील तर नाही.

प्रश्नकर्ता: मग स्नॅपशॉटला ‘खूणगाठ’ म्हणू? बांधता येते, सोडता येते.

उत्तर २: क्रियापदे सुरेख बसतात, गाठ सोडली की ब्लॉक मोकळे होतात. पण झेडएफएसमध्ये ‘बुकमार्क’ वेगळा आहे. तो फक्त वेळेची खूण ठेवतो, ब्लॉक धरत नाही. मूळ स्नॅपशॉट पुसला तरी पुढचा वाढीव ‘सेंड’ (फक्त नंतरचे बदल पाठवणारा) तिथून काढता येतो, पलीकडच्या यंत्रावर तो स्नॅपशॉट शाबूत असला म्हणजे झाले. ‘खूणगाठ’ त्याला द्या. स्नॅपशॉटला स्नॅपशॉटच राहू दे, आणि क्रियापद ‘घेणे’.