बोटांच्या झिजेसाठी सोनोग्राफी: गरज की हौस?

रामबागकर: आई ६८ वर्षांची. बोटांच्या टोकाच्या पेरांवर कडक गाठी, अंगठ्याच्या बुडाशी कळ, सकाळी थोडा वेळ बोटं आखडलेली. डॉक्टरांनी हात बघूनच झिजेचा संधिवात सांगितला, एक्सरेतही तेच आलं. आता दुसऱ्या एका ठिकाणी म्हणतात, दोन्ही हातांची सोनोग्राफी करा, सांध्यांचं किती नुकसान झालंय ते कळेल. माझं मत: नको. ‘युलार’ या युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ सालीच सांगितलंय की लक्षणं ठरावीक असतील तर निदानाला कुठलंच इमेजिंग लागत नाही. लागलंच तर आधी साधा एक्सरे. वेगळं मत असेल तर कारणासकट मांडा. ‘करून टाका, मनाला शांती’ असलं नको.

प्रोबवाली: मी सोनोग्राफीच्याच खोलीत काम करते, तेव्हा माझं माप झुकतं धरा. पण एक्सरेत दिसतं काय? हाड आणि दोन हाडांमधली फट. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, किती उरली हा त्या फटीवरून बांधलेला अंदाज. हाडाच्या कडेला वाढलेले काटे, म्हणजे ऑस्टिओफाइट, सोनोग्राफीत जास्त सापडतात, कारण प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, सांध्याभोवती फिरवता येतो. आणि सांध्याचं अस्तर सुजलंय का, हे एक्सरेला दिसतच नाही. आम्ही सुजेला शून्य ते तीन श्रेणी देतो, डॉपलर लावून तिथे रक्तप्रवाह वाढलाय का तेही बघतो. नेदरलँड्स आणि नॉर्वेमध्ये रुग्णांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा अशी सूज असलेले सांधे पुढे एक्सरेत जास्त बिघडलेले निघाले.

महू नाका: ‘किती नुकसान झालंय ते कळेल’ हे मात्र जरा फुगवून सांगितलंय. ध्वनिलहरी हाडाच्या आत शिरत नाहीत. हाडातल्या पोकळ्या आणि सांध्याच्या मधोमध खचलेला भाग एक्सरेतच नीट दिसतो. बोटाच्या सांध्यातली कूर्चाही सोनोग्राफीत पूर्ण दिसत नाही, दोन्ही हाडांच्या आड जाते. शिवाय करणाऱ्याचा हात महत्त्वाचा. प्रोब जरा दाबला की डॉपलरचा रंग गायब. जानेवारीत गार हातांनी जा, तरी रंग कमीच दिसेल.

रामबागकर: अगदी. आणि सूज दिसली समजा, पुढे काय? कूर्चा परत आणणारं औषध आहे का कुणाकडे? नाही. शेक, व्यायाम, मलम, हेच ना? ते रिपोर्टशिवायही चालूच आहे.

ओपीडीतला: इथे मी असहमत. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘होप’ नावाची डच चाचणी आली. ९२ रुग्ण, सगळ्यांना हाताची झीज, आणि सोनोग्राफीत सूज दिसलेलेच निवडले. सहा आठवडे रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिल्यावर दुखणं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, स्पष्ट कमी झालं. म्हणजे सूज आहे की नाही, यावर उपचार बदलू शकतो.

रामबागकर: आणि गोळी थांबवल्यावर तो फरक उरला नाही, हेही सांगा की. आईला डायबिटीज आहे. स्टेरॉइडने साखर चढणार, ती कोण उतरवणार?

ओपीडीतला: मग त्यांना नाहीच देणार. मी ‘सगळ्यांना द्या’ म्हटलेलं नाही. खरी अडचण वेगळीच आहे. हात तपासतानाच संधिवाततज्ज्ञाने प्रोब लावला तर दोन मिनिटांत प्रश्न मिटतो. पण १९९४ च्या गर्भलिंग निदान कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, मग ते फक्त बोटांसाठी वापरलं काय नि गुडघ्यांसाठी काय. त्या कटकटीला बरेचजण कंटाळतात. मग रुग्ण जातो तिथे, जिथे दिवसभर पोटाच्या सोनोग्राफ्या चालतात.

स्नेहलतागंज: तुमचं चालू द्या. माझ्या अंगठ्याला तीन महिने नेटाने पट्टा लावला आणि डायक्लोफेनॅकचं जेल चोळलं, त्यावर चकलीचा सोऱ्या पुन्हा फिरवता येतो. सोनोग्राफी कुणी सुचवलीही नाही.

प्रोबवाली: काकू, बरं वाटलं वाचून. रामबागकर, एक विचारू? आईच्या कोपरावर, डोक्यात कुठे खवल्यांचे चट्टे? नखांना बारीक खड्डे?

रामबागकर: नखांना आहेत खड्डे. का?

प्रोबवाली: सोरायसिसचा संधिवातही बोटांच्या टोकाच्या सांध्यांतच बसतो. त्याची औषधं पूर्ण वेगळी, आणि उशीर परवडत नाही. तिथे स्नायुबंध हाडाला चिकटतो ती जागा सोनोग्राफीत बघतात.

रामबागकर: त्वचारोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवतो. पण भिया, ही शंका नखं बघून आली, मशीन बघून नाही.

प्रोबवाली: शंका नखांवरून आली. फेडणार कशावरून?

महू नाका: आधी त्वचा, नखं, घरातला इतिहास. तरीही अडलं तर जरूर करा, पण चिठ्ठीवर प्रश्न लिहून न्या. नुसतं ‘दोन्ही हात’ लिहिलं तर रिपोर्टही तसाच मोघम येतो.