स्लीप ॲप्निया: जिभेला करंट देणारं यंत्र घ्यावं का?

मंजिरी_के:
जाणकारांचा सल्ला हवाय. बाबांचा (वय ६३) श्वास झोपेत अडतो, म्हणजे स्लीप ॲप्निया. स्लीप स्टडी झाली, एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) २७ आला. डॉक्टरांनी सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) सांगितलं. मशीन भाड्याने आणलंय, पण "मी काय बैल आहे का मुसकं बांधून झोपायला?" म्हणत बाबा मध्यरात्री मास्क काढून ठेवतात. न्यू जर्सीचा भाऊ म्हणतो, एक्साइटओएसए नावाचं यंत्र मिळतं. दिवसा वीस मिनिटं जिभेवर धरायचं, रात्री काही लावायचं नाही. दिवाळीला येताना आणू का विचारतोय. कुणी वापरलंय?
शिवाय आईच्या गुडघ्यासाठी घरात टेन्स मशीन (दुखऱ्या जागी पॅड लावून सौम्य करंट देणारं) आहे. तेच गळ्याला लावून बघतो, असा बाबांचा हट्ट!

खडूस_काका:
टेन्स आधी कुलपात ठेवा. गळ्याच्या पुढच्या भागावर ते पॅड लावायचेच नसतात, मशीनच्या माहितीपत्रकात बघा. रक्तदाबावर लक्ष ठेवणाऱ्या नसा तिथेच आहेत. नाडी एकदम उतरू शकते, घशाचे स्नायू आवळले जाऊ शकतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या मंडळींनी हनुवटीखाली पॅड लावून झोपेत करंट देण्याच्या चाचण्या केल्यात (टेस्ला नावाने) आणि त्यात काही जणांना फायदाही दिसला. पण तिथे पॅडची जागा आणि करंट तज्ज्ञ ठरवतात, बाबा नव्हे.

लीड्सकर:
मी वापरतो ते यंत्र. माझा एएचआय ९ होता, म्हणजे सौम्य. जिभेच्या वर दोन आणि खाली दोन इलेक्ट्रोड येतात, फोनवरून जोर कमीजास्त करायचा. मुंग्या येतात, लाळ भरपूर सुटते, त्यामुळे त्या वीस मिनिटांत फोन घेऊ नका :) सहा आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. घोरणं बरंच कमी झालंय, बायको परत त्याच खोलीत झोपते. दिवसाची पेंग मात्र फारशी हटली नाही.

स्लीपलॅब_ताई:
मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. मंजिरी, यंत्रापेक्षा तो २७ चा आकडा महत्त्वाचा. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडला तर सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. अमेरिकेत औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२१ मध्ये या यंत्राला परवानगी दिली ती फक्त घोरणं आणि सौम्य ॲप्नियासाठी. तेव्हा ११५ जणांचा अभ्यास पुढे ठेवला होता. त्यातल्या सौम्य ॲप्नियाच्या ४८ पैकी ४१ जणांचा एएचआय सरासरी १०.२१ वरून ५.२७ वर आला. चांगलंच आहे, पण तुलनेला खोटं यंत्र दिलेला गट नव्हता, आणि बाबांसारखे २७ वाले त्यात नव्हतेच.
जागेपणी जिभेचा स्नायू कमावून झोपेत ती मागे पडू द्यायची नाही, एवढीच यामागची कल्पना. सीपॅप हवेच्या दाबाने घसा त्या रात्रीच उघडा ठेवतं. मध्यम ॲप्नियात मी तरी ते सोडायला सांगणार नाही.

खडूस_काका:
+१. आणि भावाला सांगा, अमेरिकेतही ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतं.

मंजिरी_के:
अरेच्चा, हे चिठ्ठीचं तो बोललाच नाही. मग छातीत बसवतात ते इन्स्पायर?

स्लीपलॅब_ताई:
ते वेगळं. ऑपरेशन करून जिभेच्या नसेला तार जोडतात, झोपताना रिमोटने चालू करायचं. त्याचा पुरावा जास्त भक्कम: २०१४ च्या अभ्यासात १२६ जणांचा मध्यक एएचआय वर्षभरात २९.३ वरून ९ वर आला. पण सीपॅप खरंच जमलं नाही तरच तिकडे वळतात. त्याआधी झोपेत एंडोस्कोपी करून घसा कसा मिटतो ते बघतात, आणि खर्चही मोठा.
मास्क नाकातोंडावरचा मोठा आहे का? नाक मोकळं असेल तर नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क मागा. दाब सावकाश चढण्याची सोय चालू करून घ्या. नाक कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर. आणि आधी संध्याकाळी टीव्ही बघताना लावायला द्या, सवय होते. बहुतेक लोक मास्कच्या मापापायी वैतागतात.

लीड्सकर:
बाबांना पेसमेकर किंवा तोंडात धातूची कॅप, ब्रिज आहे का? असेल तर माझं यंत्र तसंही चालणार नाही.

मंजिरी_के:
दोन दाढांना धातूच्या कॅप आहेत! भावाला नको म्हणून कळवते. मास्क मोठाच आहे, शनिवारी भाड्याच्या दुकानात बाबांनाच घेऊन जाते.

स्लीपलॅब_ताई:
मशीनमधलं कार्डही न्या. किती तास लावलं आणि हवा किती गळते, ते त्यात दिसतं.