मदत हवी आहे : गर्दीच्या दिवशी स्कोपची स्वच्छता कशी सांभाळता?

नमस्कार. मी सांगलीत एका खाजगी रुग्णालयाच्या एंडोस्कोपी युनिटला सिस्टर आहे. सोमवारी जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून पेशंट पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी येतात. स्कोप (तोंडातून वगैरे आत घालून पोट तपासायची कॅमेऱ्याची लवचिक नळी) दोनच, स्टाफ तिघांचा.

परवा सकाळी कपाटात टांगलेला गॅस्ट्रोस्कोप काढला, तर टोकातून पाण्याचे दोन थेंब माझ्या ग्लोव्हवर पडले. म्हणजे आदल्या संध्याकाळी चॅनेल, म्हणजे स्कोपच्या आतली पोकळ वाट, नीट वाळवलंच नव्हतं. ओल्या चॅनेलमध्ये रात्रीत स्युडोमोनास नावाचा जंतू वाढू शकतो. मी तो स्कोप पहिल्यापासून परत धुवायला घेतला. तपासण्यांची लिस्ट पाऊण तास लांबली, नातेवाईक चिडले, पण माझं चुकलं असं मला वाटत नाही.

२ टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात स्कोप २० मिनिटं आम्ही घड्याळ लावून ठेवतो, तिथे तडजोड नाही. घाई होते ती त्याआधी, लीक टेस्टला (स्कोप कुठे फुटलेला नाही ना ते बघायला) आणि आतून ब्रशिंगला. आत घाण राहिली तर पुढचं औषध तिथवर पोचतच नाही. आणि त्याच वेळी गुंगीचं मिडाझोलम दिलेल्या पेशंटच्या ऑक्सिजन सॅचुरेशनवर कुणाची तरी नजर हवीच ना!

मिरज-कोल्हापूरच्या मोठ्या युनिटमधल्या सिस्टर-ब्रदर्सना विचारते, धुण्यासाठी वेगळा माणूस ठेवता का? वॉर्डातल्या मामांना शिकवलं असेल, तर त्यांचं काम कसं तपासता? प्रत्येक स्कोपमागे रजिस्टरला काय काय लिहिता? पेशंटचं नाव झाकून एखाद्या पानाचा फोटो टाकलात तर फार मदत होईल. सोमवारच्या आत मिळाला तर उत्तम.